खालची पट्टी सोडा

मार्चअखेरची संध्याकाळ. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, शटर अर्धं ओढलेलं, आत पिग्मी एजंट भरणा द्यायला थांबलेले. मी प्रिंटरचं काम बघायला गेलो होतो. कॅशियर ताई मुदत ठेवींच्या व्याजाचा ताळा जुळवत होत्या. व्याजाची यादी एक्सेलमध्ये, नोंदी पतसंस्थेच्या पॅकेजमध्ये. एकदा इकडे बघायचं, एकदा तिकडे, एवढंच काम. पण पॅकेज उघडलं की स्क्रीन काठोकाठ व्यापून टाकायचं. वर फुली नाही, मिनिमाइझची रेघ नाही, खालची पट्टी नाही, घड्याळ नाही. एक्सेलमधला एक आकडा बघायचा तर ताई पॅकेजमधून बाहेर पडायच्या, आकडा कागदावर उतरवायच्या, पॅकेज पुन्हा सुरू करायच्या, पासवर्ड, शाखा, तारीख टाकायच्या आणि त्या सभासदाचं खातं पहिल्यापासून शोधायच्या. मी तिथे होतो तेवढ्यात हे अकरा वेळा झालं.

"ताई, ऑल्ट धरून टॅब दाबा," मी म्हटलं. त्यांनी दाबलं. स्क्रीनवर काहीच हललं नाही. पॅकेज नुसतं पसरलेलं नव्हतं, ते 'कायम सगळ्यांच्या वर' असं बसवलेलं होतं. एक्सेल जागं झालं, पण राहिलं मागेच. ताईंना वाटलं काही झालंच नाही, म्हणून त्यांनी पुढची रक्कम टाइप केली. ती पॅकेजमध्ये उमटेना. उमटली होती न दिसणाऱ्या एक्सेलमध्ये, ज्या चौकोनावर कर्सर होता तिथे, आधीचा आकडा पुसून. ही गोष्ट शोधून काढायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि तोवर बाहेर रात्र झाली होती.

मी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने शांतपणे सांगितलं, "सर, ते मुद्दाम तसं ठेवलंय. स्टाफने दुसरं काही उघडू नये म्हणून. फोकस राहतो."

जी बाई एकोणीस वर्षं रोजची रोकड पैशाला पैसा जुळवल्याशिवाय घरी जात नाही, तिला लक्ष कुठे ठेवायचं हे शिकवायला हे निघाले आहेत.

मी स्वतः बावीस वर्षं डेस्कटॉपवर चालणारी सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे हे बाहेरच्या माणसाचं गाऱ्हाणं नाही. माझ्याच धंद्यातल्या लोकांना तोंडावर सांगायचं आहे: स्क्रीन तुमची नाही. ज्याच्या टेबलावर ती आहे त्याची आहे. तुमच्या प्रोग्रामला तिच्यावर जागा मिळते ती त्या माणसाने दिली म्हणून. आणि खालच्या पट्टीवर तर तुमचा काडीचा हक्क नाही.

आधी ही पट्टी आली कशाला ते बघा. विंडोज 3.1 मध्ये खिडकी मिनिमाइझ केली की तिचं एक चित्र होऊन डेस्कटॉपच्या तळाशी जाऊन पडायचं, आणि त्यावर दुसरी खिडकी आली की ते झाकलं जायचं. माणसाला वाटायचं, काम गेलं. मग तो तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडायचा. 24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 बाजारात आली आणि तिच्यासोबत टास्कबार आला. काय काय उघडं आहे ते एका ठिकाणी, कायम, कुठल्याही खिडकीखाली न दडता दिसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. संगणकाचा गंधही नसलेल्या माणसांना या एका पट्टीने हात धरून उभं केलं. गावोगावच्या संगणक वर्गांत पहिल्या दिवशी माउस धरायला शिकवतात आणि लगेच ही पट्टी दाखवतात. हरवलात तर इथे या, असं सांगून. ते आश्वासन आहे, आणि माझे व्यवसायबंधू ते रोज मोडतात.

मोडतात कसे, तेही सांगतो, कारण "विंडोजमुळे होतं" ही थाप मी फार वेळा ऐकली आहे. खिडकी मॅक्सिमाइझ करणं आणि फुल स्क्रीन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज प्रत्येक मॉनिटरसाठी दोन मापं सांगते: एक अख्ख्या स्क्रीनचं, दुसरं 'वर्क एरिया'चं, म्हणजे टास्कबारची जागा वजा जाता उरलेलं. सरकारी कार्यालयांत आणि पतसंस्थांत अजून ढिगाने आढळणारा 1366 बाय 768 चा मॉनिटर घ्या. विंडोज 10 ची पट्टी नेहमीच्या मापाला 40 पिक्सेल उंच, म्हणजे वर्क एरियाची उंची 728. साधी, चौकट असलेली खिडकी मॅक्सिमाइझ केली की ती आपोआप या 728 मध्ये बसते. प्रोग्रामरला त्यासाठी एक ओळ लिहावी लागत नाही.

मग पट्टी झाकली जाते कधी? विंडोजची चौकट नको, आपली रंगीत, गुळगुळीत चौकट हवी, असा हट्ट धरला की. 2006 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएफ या खिडक्या बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात हे सहज घडतं. खिडकीची शैली 'नन' केली आणि अवस्था 'मॅक्सिमाइझ्ड' केली की खिडकी अख्खा मॉनिटर गिळते, पट्टीसकट. याचा उपाय नवशिक्यालाही सापडेल इतका जुना आहे. खिडकी मोठी होण्याआधी विंडोज तिला एक संदेश पाठवते, तुला किती मोठं व्हायचं आहे असं विचारणारा. त्याला उत्तर म्हणून वर्क एरियाचं माप द्यायचं. वीस-पंचवीस ओळींचं काम. एवढं न करता पॅकेज विकायला काढणारा माणूस आळशी आहे, आणि त्याच्या आळसाची किंमत काउंटरच्या पलीकडे बसलेली बाई मोजते आहे.

याहून वाईट जात आहे ती 'कायम वर' लावणाऱ्यांची. यांना खरोखरच फुल स्क्रीन हवी असते, पण पट्टी मध्ये येईल या भीतीने ते खिडकीला सगळ्यांच्या डोक्यावर बसवतात. मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोजवर अनेक वर्षं काम केलेले रेमंड चेन यांनी 2005 मध्येच लिहून ठेवलं आहे की याची गरजच नाही. खिडकी मॉनिटरच्या मापाची करा, टास्कबार स्वतः ते ओळखतो आणि बाजूला होतो. त्याच सुमारास त्यांनी 'दोन प्रोग्रामनी हेच केलं तर?' हा प्रश्नही प्रोग्रामरांपुढे ठेवला. प्रत्येकाने स्वतःला सर्वांत वर घोषित केलं तर वर कोण राहणार? एवढा साधा विचार न करणाऱ्या माणसाच्या हाती लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे, हे मला अस्वस्थ करतं.

पट्टी लपवून ठेवणाऱ्या माणसाचे हाल तर कुणी विचारतही नाही. छोट्या स्क्रीनवर जागा वाचावी म्हणून पुष्कळ लोक टास्कबार आपोआप लपणारा ठेवतात. माउस कडेला नेला की पट्टी वर येते. पण तुमची बिनचौकटीची खिडकी शेवटच्या पिक्सेलपर्यंत पसरली, की माउस कडेला आपटत राहतो आणि पट्टी येतच नाही. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या खुल्या कोडमध्ये यासाठी वेगळी तजवीज आहे: ज्या कडेला पट्टी लपली असेल तिथे खिडकी केसभर आखूड ठेवायची. जगभर वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरचे लोक त्या केसभर जागेची फिकीर करतात. आमच्याकडे दरवर्षी देखभालीचे पैसे घेणाऱ्यांना 40 पिक्सेलांची नाही.

मराठीत काम करणाऱ्याला हा मार दुहेरी बसतो, आणि याबद्दल मी अजून एकाही डिझायनरला बोलताना ऐकलेलं नाही. आपला कीबोर्ड आत्ता इंग्रजीत आहे की मराठीत, हे सांगणारी बारीकशी खूण त्याच पट्टीवर, घड्याळाशेजारी असते. इंग्रजीत काम करणाऱ्याला तिची गरज आयुष्यात पडत नाही. मला आणि ताईंना ती मिनिटामिनिटाला लागते. सभासदाचं नाव मराठीत, पॅन क्रमांक इंग्रजीत, पत्ता मराठीत, ईमेल इंग्रजीत. डावीकडचा ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले तरी भाषा गुपचूप बदलते. पट्टी झाकलेली असेल तर हे कळायला एकच मार्ग उरतो: टाइप करून चूक बघणं. इन्स्क्रिप्टमध्ये 'राम' लिहायला जावं आणि जे, ई, सी अशी तीन इंग्रजी अक्षरं उमटावीत. पुसा, भाषा बदला, पुन्हा लिहा. पासवर्डच्या रकान्यात तर नुसते ठिपके दिसतात. तिथे तीनदा चुकलं की खातं बंद, आणि मग मुख्य शाखेला फोन. मराठी माणसांसाठी बनवलेल्या, मराठी गावांत विकलेल्या पॅकेजमध्ये मराठी लिहिणाऱ्याची ही खूण झाकून टाकायची, याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही. हा अपमान आहे.

बॅटरीचा आकडाही तिथेच. जिथे दुपारी वीज जाते आणि यूपीएस केव्हाच बसलेला असतो, तिथे लोक जुन्या लॅपटॉपवर काम करतात. वीज गेली की पहिली नजर खालच्या उजव्या कोपऱ्यात जाते, कारण किती वेळ उरला त्यावर पुढची नोंद करायची की आधी साठवायचं हे ठरतं. तो कोपराच नाही म्हटल्यावर माणूस अंदाजाने चालतो. शिवाय फुल स्क्रीन चालू असताना येणाऱ्या सूचना दाबून ठेवायची सोय विंडोजमध्येच आहे. सिनेमा बघताना ती चांगली आहे. पण हिशेबाचं पॅकेज जेव्हा सिनेमाचं सोंग घेतं, तेव्हा कामाच्या सूचनाही त्यात दाबल्या जातात.

मोठ्या कंपन्यांनाही मी सोडणार नाही, कारण हे खूळ वरूनच खाली झिरपलं. 2011 मध्ये ॲपलने मॅकच्या लायन आवृत्तीत फुल स्क्रीनचा गाजावाजा केला. दोन मॉनिटर लावून काम करणाऱ्याने एका मॉनिटरवर एक ॲप फुल स्क्रीन केलं की दुसऱ्या मॉनिटरवर नुसतं विणलेलं करडं कापड दिसायचं. पैसे देऊन घेतलेला मॉनिटर भिंतीला टांगलेल्या गोणपाटासारखा. ते सुधारायला 2013 ची मॅव्हरिक्स यावी लागली. पुढच्याच वर्षी योसेमिटीत खिडकीच्या हिरव्या बटणाचा अर्थ बदलून तो फुल स्क्रीन केला. वर्षानुवर्षं खिडकी कामापुरती मोठी करायला बोट ज्या बटणावर जात होतं, त्याच बटणाने आता माणूस डॉक आणि मेनूबारच्या बाहेर फेकला जाऊ लागला. जुनं वागणं हवं तर ऑप्शनची कळ धरून क्लिक करा. ही कळ सांगणार कोण, आणि कुणाला?

2012 च्या विंडोज 8 ने तर कहर केला. स्टार्ट बटण गेलं. डेस्कटॉपवरच्या एखाद्या फोटोवर किंवा पीडीएफवर दोनदा क्लिक केलं की माणूस एकदम दुसऱ्याच जगात: पूर्ण स्क्रीनभर एकच ॲप, ना फुली, ना पट्टी. बंद करायचं तर वरच्या कडेला धरून खालच्या कडेपर्यंत ओढायचं, आणि हे स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं नाही. टॅब्लेटवर बोटांनी करायच्या गोष्टी माउस-कीबोर्डच्या टेबलावर लादल्या गेल्या. लोकांनी ती आवृत्ती नाकारली आणि मायक्रोसॉफ्टला पायरी-पायरीने माघार घ्यावी लागली. ऑक्टोबर 2013 मध्ये 8.1 सोबत स्टार्ट बटण परत आलं. एप्रिल 2014 च्या अपडेटमध्ये त्या ॲप्सना वरची शीर्षकपट्टी मिळाली, आणि माउस तळाशी नेला की त्यांच्यावरही टास्कबार दिसू लागला. दीड वर्ष लागलं एक फुली आणि एक पट्टी परत द्यायला.

इतकं होऊनही धडा घेतला नाही. 2021 मध्ये विंडोज 11 आली ती टास्कबार वरच्या किंवा बाजूच्या कडेला नेण्याची सोय काढून टाकूनच. 1995 पासून 26 वर्षं कुठलाही माणूस पट्टी चारपैकी हव्या त्या कडेला ठेवू शकत होता. आजचे मॉनिटर रुंद आणि बुटके. त्यांच्यावर उंची मौल्यवान असते, म्हणून शहाणी माणसं पट्टी डावीकडे उभी लावत. विंडोज 11 आली तेव्हा 768 मधले 48 पिक्सेल खालीच द्यावे लागले. ही सोय परत द्या या मागणीवर 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टकडून जे उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा: पट्टी बाजूला नेली तर सगळ्या ॲप्सना आपली मांडणी जुळवून घ्यावी लागते, ते काम प्रचंड आहे, आणि मागणारे तुलनेने थोडे. सव्वीस वर्षं ॲप्स काय करत होती मग? वर्क एरिया विचारत होती आणि त्यात बसत होती. ज्या यंत्रणेने ही शिस्त जगाला लावली तिनेच ती अवघड असल्याचं सांगावं, हे मी मान्य करणार नाही. पट्टीवरची खिडक्यांची नावंही 2021 मध्येच काढून टाकली होती. एकाच पॅकेजच्या चार खिडक्या उघडून बसणाऱ्या कारकुनाला चारही एकाच चित्रामागे शोधाव्या लागत. ती नावं 2023 मध्ये परत आली.

या सगळ्यात शहाणे निघाले ते ब्राउझरवाले. 2012 मध्ये फेरॉस अबूखादीजे या प्रोग्रामरने एक प्रात्यक्षिक दाखवलं. बँकेच्या दुव्यावर क्लिक केलं की पान फुल स्क्रीन होतं आणि त्यात ब्राउझरची पत्त्याची पट्टी, कुलूप, सगळं नुसतं चित्र म्हणून रंगवलेलं दिसतं. खरी पट्टी झाकली गेली की खोटी पट्टी रंगवायला भिंत मोकळी मिळते. "तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं ओरडणारी जी पानं आज लोकांचे पैसे लुबाडतात, ती याच वाटेने जातात. स्क्रीन व्यापतात, खालची पट्टी घालवतात, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं बाहेर पडायचा रस्ताच नाही. हा धोका आहे म्हणूनच वेबसाइटला माणसाने क्लिक केल्याशिवाय किंवा कळ दाबल्याशिवाय सहसा फुल स्क्रीन होता येत नाही. झाली की बाहेर कसं पडायचं ते ब्राउझर स्वतः दाखवतो, आणि एस्केपची कळ कुठल्याही वेबसाइटला पूर्णपणे हिरावून घेता येत नाही. कोण कुठली फुकट वेबसाइट, तिच्यावर एवढी बंधनं. आणि वर्षाला हजारो रुपये घेऊन बसवलेल्या पॅकेजवर एकही नाही. त्यांनी विचारायचं नाही, सांगायचं नाही, दार दाखवायचं नाही.

मला फुल स्क्रीनचं वावडं नाही. सिनेमा बघताना, सभेत स्लाइड दाखवताना, खेळताना, लिहिता लिहिता कधी सगळं बाजूला सारावंसं वाटलं तर, मी स्वतः एफ 11 दाबतो. शब्द लक्षात घ्या: मी दाबतो. पुन्हा दाबलं की परत येतो. आणि खरोखर एखाद्या संगणकावर एकच प्रोग्राम चालावा, दुसरं काही उघडू नये, अशी गरज असेल, परीक्षा केंद्र म्हणा, टोकन देणारं यंत्र म्हणा, तर त्यासाठी विंडोजमध्ये 'असाइन्ड ॲक्सेस' आहे, धोरणं लावायची सोय आहे. तो निर्णय त्या संस्थेचा व्यवस्थापक उघडपणे, सांगून-सवरून घेतो. पॅकेज विकणाऱ्याने तो परस्पर घ्यायचा नसतो. फोनवरच्या त्या मुलाला मी हेच विचारलं, की संस्थेच्या संचालक मंडळाने असं लेखी मागितलं होतं का? तो म्हणाला, "नाही सर, सगळीकडे असंच देतो."

सगळीकडे असंच देतात, आणि कुणी ओरडत नाही, कारण काउंटरवरच्या माणसाला वाटतं चूक आपलीच आहे. ताईंनी मला त्या रात्री तीनदा विचारलं, "माझंच काही चुकतंय का हो?" मला सर्वांत जास्त संताप याचा आहे. दोष प्रोग्रामरचा आणि शरम कारकुनाची, अशी वाटणी आम्ही करून ठेवली आहे.

एप्रिलमध्ये पतसंस्थेने ताईंना दुसरा मॉनिटर घेऊन दिला. विंडोज 8 पासून दुसऱ्या मॉनिटरवरही पट्टी दाखवता येते, ती मी लावून दिली. आता पॅकेज डावीकडे काठोकाठ पसरलेलं असतं आणि एक्सेल उजवीकडे, खाली पट्टीसकट. चाळीस पिक्सेल मोकळे मिळावेत म्हणून सभासदांच्या पैशातून एक अख्खा मॉनिटर आला. जूनमध्ये कंपनीचं वार्षिक देखभालीचं बिल आलं, सोबत वर्षभरातल्या तक्रारींची यादी. आमच्या तक्रारीसमोर लिहिलं होतं: ग्राहकाने दुसरा मॉनिटर बसवला, तक्रार निकाली. मी व्यवस्थापकांना सांगून बिल थांबवायला लावलं आहे आणि तक्रार पुन्हा नोंदवली आहे, या वेळी लेखी.